पैसे आहेत, पण कोणत्या शीर्षाखाली?

सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत ज्याने आयुष्य काढले आहे, त्याला एक वाक्य झोपेतही म्हणता येते: निधी उपलब्ध आहे, परंतु त्या लेखाशीर्षाखाली नाही. छत गळत असते, टेबलावरच्या फायली प्लास्टिकने झाकलेल्या असतात आणि ‘प्रवासखर्च’ या शीर्षाखाली दोन लाख रुपये तसेच पडून असतात. पण त्यातला एक रुपयाही छताकडे वळवता येत नाही. बाहेरच्या माणसाला हा शुद्ध मूर्खपणा वाटतो, आतल्या माणसाला तो नियम असतो. निवृत्तीनंतर पहाटे उठून एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, सामने पाहण्याची सवय लागली, आणि तिथल्या उन्हाळी खेळाडू-खरेदीच्या बातम्या वाचताना माझ्या लक्षात आले की अमेरिकेतल्या या अब्जावधींच्या कारभारात मला सर्वांत ओळखीची वाटणारी गोष्ट खेळ नसून हीच लेखाशीर्षांची अडचण आहे.

ज्या प्रकरणामुळे मी या नियमांत शिरलो, ते ब्रूस ब्राउनचे. १० जून २०२३ च्या शनिवारी सकाळी आपल्याकडे सहा वाजता अंतिम मालिकेतला चौथा सामना सुरू झाला. डेन्व्हर नगेट्सचा हा बदली खेळाडू मायामीच्या मैदानात बाकावरून उठून आला आणि त्याने २१ गुण केले, त्यांपैकी ११ चौथ्या क्वार्टरमध्ये. त्यानंतरचा सामना जिंकून डेन्व्हरने आपले पहिले विजेतेपद मिळवले. ब्राउनला तिथेच राहायचे होते, संघालाही तो हवा होता, आणि मालक काही दारिद्र्यरेषेखालचे नव्हेत. तरीही तीन आठवड्यांच्या आत तो इंडियाना पेसर्सचा झाला होता: दोन वर्षांचे ४ कोटी ५० लाख डॉलर, पैकी पहिल्या वर्षाचे २ कोटी २० लाख. डेन्व्हर त्याला त्या वर्षासाठी जास्तीत जास्त देऊ शकत होते ती रक्कम होती साधारण ७८ लाख.

आपल्या वाचकाला पगाराची मर्यादा म्हटले की आयपीएल आठवते. तिथला हिशेब सरळ आहे. २०२५ च्या हंगामाआधीच्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाकडे १२० कोटींची थैली होती. राखून ठेवलेल्या खेळाडूंचे पैसेही तिच्यातूनच वजा झाले, आणि थैली रिकामी झाली की हात वर करता येत नव्हता. एनबीएची मर्यादा तशी नाही. १९८४-८५ च्या हंगामात ३६ लाख डॉलरपासून सुरू झालेली ही सॅलरी कॅप पहिल्यापासूनच मऊ आहे, म्हणजे ती ओलांडता येते आणि बहुतेक संघ ती ओलांडतातच. मात्र ओलांडायची ती ठरवून दिलेल्या दारांतूनच. प्रत्येक दाराची रुंदी वेगळी, आत जाण्याची पात्रता वेगळी, आणि एका दारासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या दारातून नेता येत नाहीत. आयपीएलमध्ये ‘किती उरले?’ हा प्रश्न पुरतो. एनबीएमध्ये ‘कशाखाली?’ हे आधी विचारावे लागते.

आता डेन्व्हरची वही उघडू. २०२३-२४ च्या हंगामासाठी मर्यादा १३ कोटी ६० लाख डॉलर ठरली होती. निकोला योकिचचा पगार ४ कोटी ७६ लाख, म्हणजे मर्यादेच्या बरोबर ३५ टक्के, कारण अनुभवी खेळाडूचा कमाल पगार याच टक्क्यावर बांधलेला आहे. जमाल मरे ३ कोटी ३८ लाख, मायकल पोर्टर ज्युनियर ३ कोटी ३४ लाख, एरन गॉर्डन २ कोटी २३ लाख, केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप १ कोटी ४७ लाख. सुरुवातीच्या पाच खेळाडूंची ही बेरीज १५ कोटी १८ लाखांवर जाते. संघात पंधरा माणसे ठेवायची असतात आणि पाच जणांतच मर्यादा दीड कोटीहून अधिक ओलांडलेली आहे. याचा अर्थ ‘मोकळी जागा’ नावाचे शीर्ष डेन्व्हरच्या वहीत शून्यच होते. ब्राउनला काही द्यायचे तर ते अपवादाच्या दारातूनच द्यावे लागणार होते.

यांपैकी सर्वांत रुंद दार बोस्टनचा जुना खेळाडू लॅरी बर्ड याच्या नावाने ओळखले जाते. आपल्याच संघात असलेल्या खेळाडूला पुन्हा करारबद्ध करताना संघाला मर्यादा ओलांडून अगदी कमाल पगारापर्यंत जाता येते, हे त्याचे सार. पण हे दार पूर्ण उघडण्यासाठी खेळाडूने आधीची तीन वर्षे, मोकळा झाल्यावर (म्हणजे करार संपल्यावर) स्वतःहून संघ न बदलता, काढलेली असावी लागतात. मध्ये अदलाबदलीत तो दुसऱ्या संघाकडे गेला तर ही सेवाज्येष्ठता त्याच्याबरोबर प्रवास करते, पण त्याने स्वतः नव्या संघाशी नवा करार केला की मोजणी शून्यावर येते. दोन वर्षे झाली असतील तर दार अर्धे उघडते: आधीच्या पगाराच्या १७५ टक्के किंवा सरासरी पगाराच्या १०५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. एकच वर्ष झाले असेल तर जवळपास फटच: आधीच्या पगाराच्या १२० टक्के. ब्राउन २०२२ च्या उन्हाळ्यात ६४ लाख ७९ हजार डॉलरवर डेन्व्हरला आला होता. त्याचे एकच वर्ष झाले होते. त्याच्या १२० टक्के म्हणजे ७७ लाख ७५ हजार. अंतिम मालिकेत एका सामन्यात २१ गुण केले म्हणून या गुणाकारात काहीही बदलत नाही.

त्या वेळी कित्येकांनी लिहिले की डेन्व्हरच्या मालकांनी कंजुषी केली. लेखा शाखेतल्या माणसाला असले आरोप नवे नसतात. एकदा एका ठेकेदाराने माझ्यासमोर टेबलावर मूठ आपटून ‘तुमच्या खिशातून मागतोय का?’ असे विचारले होते, आणि मी त्याला मंजूर तरतुदीचा कागद दाखवला होता. ब्राउनच्या बाबतीत मालकाने खिसा उलटा केला असता तरी उपयोग नव्हता.

हाच १२० टक्क्यांचा नियम पैसेवाल्या खेळाडूलाही लागतो, फक्त तिथे तो वेगळा दिसतो. २०१६ मध्ये नव्या दूरचित्रवाणी करारामुळे मर्यादा एका वर्षात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली. ही वाढ थोडी थोडी करून पसरवावी, असा प्रस्ताव लीगने ठेवला होता, तो खेळाडूंच्या संघटनेने नाकारला. परिणाम असा झाला की त्या एका उन्हाळ्यात जवळजवळ सगळ्यांच्याच वहीत मोकळी जागा निर्माण झाली. लॉस एंजेलिस लेकर्सनी टिमोफे मोझगोव्हला चार वर्षांचे ६ कोटी ४० लाख देऊन टाकले, आणि पुढच्याच वर्षी तो करार गळ्यातून काढण्यासाठी डिअँजेलो रसेल हा तरुण खेळाडू त्याच्यासोबत ब्रुकलिनला द्यावा लागला. त्याच उन्हाळ्यात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सनी केव्हिन ड्युरांटला घेतले. स्टीफन करी २०१२ मध्ये, घोट्याच्या दुखापतींच्या काळात केलेल्या स्वस्त करारावर अजून खेळत होता म्हणून आणि अँड्रू बोगट व हॅरिसन बार्न्स यांना निरोप दिला म्हणून ती जागा झाली. वर्षभरानंतर ड्युरांट पुन्हा मोकळा झाला, तेव्हा वॉरियर्सकडे त्याच्याबाबत ब्राउनइतकाच, म्हणजे एकाच वर्षाचा हक्क होता. पण २ कोटी ६५ लाखांच्या १२० टक्के म्हणजे ३ कोटी १८ लाख. ती फट नव्हती, दिंडी दरवाजाच होता. ड्युरांटने त्याहून कमी, २ कोटी ५० लाख घेतले. त्याने कमाल पगाराचा आग्रह धरला असता, तर त्यासाठी मोकळी जागा करावी लागली असती आणि त्यात आंद्रे इग्वोडालावरचे हक्क सोडावे लागले असते. एकच नियम, एकच टक्केवारी. पण मूळ पगार लहान असलेला माणूस त्यात अडकतो आणि मोठा असलेला उदार ठरतो.

ब्राउनबद्दल आणखी एक युक्ती सुचवली जात होती. त्याने एक वर्ष ७८ लाखांवर काढावे, म्हणजे दोन वर्षांचा हक्क तयार होईल आणि २०२४ मध्ये डेन्व्हर त्याला घसघशीत देईल. मी कागद घेऊन बसलो. ७७ लाख ७५ हजारांच्या १७५ टक्के म्हणजे १ कोटी ३६ लाख. म्हणजे दोन्ही वर्षे मिळून २ कोटी १४ लाखांच्या आसपास, आणि इंडियाना एकट्या पहिल्या वर्षाचे २ कोटी २० लाख देत होती. शिवाय गुडघा फिरला तर दुसरे वर्ष फक्त तोंडी आश्वासनावर. आणि असे आश्वासन देणे हाच गुन्हा आहे. मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्जने नव्वदच्या दशकाच्या शेवटी जो स्मिथबरोबर हेच केले होते: आत्ता कमी पगाराचे एकेक वर्षाचे करार करायचे, तीन वर्षांनी बर्डचे पूर्ण दार उघडले की ८ कोटी ६० लाखांपर्यंतचा करार द्यायचा. हे लेखी करून ठेवण्याचा शहाणपणाही त्यांनी दाखवला. २००० मध्ये ते बाहेर आले, करार रद्द झाला, ३५ लाख डॉलर दंड झाला आणि पहिल्या फेरीतले पाच ड्राफ्ट पिक (दरवर्षी नवोदित खेळाडू निवडण्याचे हक्क) काढून घेतले गेले, त्यांपैकी दोन पुढे परत मिळाले. त्यानंतर अशी बोलणी कोणी कागदावर करत नाही, एवढे मात्र नक्की.

या व्यवहाराची इंडियानाची बाजू मला जास्त रंजक वाटते, कारण तिथे आमचा ३१ मार्च दिसतो. बदली म्हणून खेळणाऱ्या माणसाला वर्षाला २ कोटी २० लाख कोणी का द्यावेत? पहिले कारण असे की, संघांना मर्यादेच्या ९० टक्के खर्च करणे भाग असते, आणि लीग व खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३ च्या नव्या करारानुसार हंगामाच्या पहिल्या दिवशी जो संघ या तळरेषेच्या खाली असेल, त्याला श्रीमंत संघांकडून जमा होणाऱ्या लक्झरी टॅक्समधला (पगार ठराविक रेषेपलीकडे गेल्यास भरावा लागणारा दंड) पूर्ण वाटा मिळत नाही. निधी वर्षअखेर परत जाणार असेल तर कार्यालयात जी लगबग उठते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना यापुढे सांगायला नको. दुसरे कारण म्हणजे टायरीज हॅलिबर्टन. २०२३-२४ मध्ये तो अजून नवोदिताच्या पगारावर, साधारण ५८ लाखांवर होता, आणि त्याचा प्रचंड करार पुढच्या हंगामापासून लागू होणार होता. म्हणजे मोकळ्या जागेचे हे शेवटचेच वर्ष होते. म्हणूनच ब्राउनचा करार असा शिवलेला होता की पहिल्या वर्षी भरपूर पैसे, आणि दुसऱ्या वर्षाचे २ कोटी ३० लाख द्यायचे की नाही हे संघाच्या मर्जीवर.

तिसरे कारण सहा महिन्यांनी उलगडले. मर्यादेवर गेलेल्या संघाला मोठा खेळाडू अदलाबदलीत घ्यायचा असेल, तर जवळपास तितक्याच पगाराची माणसे बदल्यात द्यावी लागतात. लहान पगारांच्या पाच जणांची मोळी बांधण्यापेक्षा एक जड, लवकर संपणारा करार देणे सोपे. जानेवारी २०२४ मध्ये इंडियानाने टोरंटोकडून पास्कल सियाकमला घेतले, तेव्हा दुसऱ्या पारड्यात पहिल्या फेरीच्या तीन पिकांबरोबर सर्वांत जड वजन ब्राउनच्या २ कोटी २० लाखांचे होते. सियाकमबरोबर त्याचे बर्ड हक्कही इंडियानाला आले, त्यामुळे उन्हाळ्यात मर्यादेची पर्वा न करता त्याला चार वर्षांसाठी सुमारे १९ कोटी डॉलर देता आले, आणि २०२५ मध्ये हाच संघ अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत पोहोचला. ब्राउनला घेताना इंडियानाने खेळाडू घेतला की वजन, असा प्रश्न मला पडतो. टोरंटोनेही तेच केले: दुसऱ्या वर्षाचा पर्याय वापरून त्याला ठेवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रँडन इंग्रमच्या बदल्यात न्यू ऑर्लिन्सला पाठवले. अंतिम मालिकेतला तो माणूस पावणेदोन वर्षांत दोनदा तराजूत बसला.

डेन्व्हरमध्ये मात्र वर्षभरात दुसरे प्रकरण घडले, आणि ते पहिल्यासारखे दिसत असले तरी आतून अगदी वेगळे होते. २०२४ च्या उन्हाळ्यात कॉल्डवेल-पोप मोकळा झाला आणि ऑर्लँडो मॅजिकने त्याला तीन वर्षांचे ६ कोटी ६० लाख देऊ केले. या वेळी बर्डचे दार डेन्व्हरसाठी सताड उघडे होते. ते त्याला तेवढेच, किंबहुना अधिकही देऊ शकत होते. अडवणारी गोष्ट दाराच्या पलीकडे होती. २०२३ च्या करारात मर्यादेच्या आणि लक्झरी टॅक्सच्या वर आणखी दोन रेषा ओढल्या आहेत, त्यांना एप्रन म्हणतात. २०२४-२५ साठी दुसरा एप्रन १८ कोटी ८९ लाखांवर होता. तो ओलांडला की कर तर भरायचाच, शिवाय अदलाबदलीत दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, करदात्या संघांना मिळणारा छोटा अपवादही वापरता येत नाही, रोख रक्कम देता येत नाही, आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठवला जातो. पूर्वीच्या व्यवस्थेत श्रीमंत मालक ‘दंड भरू, पण जिंकू’ म्हणू शकत असे. आता दंडाची पावती घेतल्यावर सहीचे अधिकारही काढून घेतात.

डेन्व्हरने त्याला जाऊ दिले आणि त्याची जागा ख्रिश्चन ब्राउन या नवोदिताच्या पगारावर खेळणाऱ्या तरुणाला दिली. (हा ब्राउन वेगळा, इंग्रजी स्पेलिंग वेगळे असले तरी मराठीत दोघेही एकाच खुर्चीत बसतात.) ब्रूस ब्राउनच्या वेळी मी डेन्व्हरची बाजू घेऊन मित्रांशी वाद घातला होता. कॉल्डवेल-पोपच्या वेळी घातला नाही, कारण ते ‘जमत नाही’ नव्हते, ‘करायचे नाही’ होते. योकिचसारखा खेळाडू ऐन भरात असताना दोन-तीन वर्षे त्या रेषेच्या वर राहून यातना सोसाव्यात, असे माझे मत होते आणि आजही आहे. कॉल्डवेल-पोपचा ऑर्लँडोतला पहिला हंगाम फिका गेला आणि वर्षभरात तोही डेस्मंड बेनच्या बदल्यात मेम्फिसला रवाना झाला, हे मला मान्य आहे. पण जो संघ त्याला ओळखत होता त्याने त्याला तोलले ते खेळाने नव्हे, रेषेने. दुसऱ्या बाजूला, पुढच्या हंगामात डेन्व्हर दुसऱ्या फेरीत ओक्लाहोमा सिटीकडून सातव्या सामन्यात हरले, तेव्हा बाकावर माणसेच उरलेली नव्हती, हे कोणालाही दिसत होते.

२०२५ च्या उन्हाळ्यात डेन्व्हरच्या नव्या व्यवस्थापनाने वही वेगळ्या बाजूने सोडवली. मायकल पोर्टर ज्युनियरचा पगार तोवर ३ कोटी ८३ लाखांवर गेला होता. तो आणि २०३२ चा पहिल्या फेरीचा पिक ब्रुकलिनला देऊन त्यांनी २ कोटींच्या आसपासचा पगार असलेला कॅम जॉन्सन घेतला. एका फटक्यात तब्बल पावणेदोन कोटींची बचत झाली आणि रेषेखाली श्वास घेण्याइतकी जागा मिळाली. त्यानंतरच्या काही दिवसांत योनास व्हॅलेन्च्युनास आला, टिम हार्डवे ज्युनियर आला आणि ब्रूस ब्राउन परत आला.

तो आला तो किमान वेतनाच्या तरतुदीतून, जे दार लीगमधल्या प्रत्येक संघाला, कितीही कर भरत असला तरी, उघडे असते. सात वर्षे पूर्ण केलेल्या खेळाडूचे किमान वेतन त्या हंगामात सुमारे ३१ लाख डॉलर होते. एक वर्षाच्या अशा करारात संघाच्या खात्यावर मात्र दोन वर्षे खेळलेल्या खेळाडूइतकेच, म्हणजे सुमारे २३ लाख दाखवले जातात आणि वरचे पैसे लीग भरते. नाहीतर किमान वेतनावर सगळ्यांनी तरुणच घेतले असते आणि जुनी माणसे घरी बसली असती. दोन वर्षांपूर्वी ७८ लाखांत जो मिळत नव्हता, तो आता वहीत २३ लाखांना पडला. मधल्या काळात ४ कोटी ५० लाख त्याच्या बँकेत जमा झाले होते, म्हणूनच हे त्याला परवडले असणार. २०२२-२३ मधली डेन्व्हरची सेवा मात्र नव्या करारात धरली गेली नाही. मध्ये खंड पडला होता, त्यामुळे हक्कांच्या रकान्यात त्याच्या नावापुढे पुन्हा पहिले वर्ष लागले, आणि त्या वर्षाच्या शेवटी डेन्व्हरच्या हातात असणार होते ते पुन्हा १२० टक्केच.